बापूंनी मागून घेतलेली वाट

रस्ता कोणाचा असतो? ज्याची गाडी त्यावरून धावते त्याचा, की ज्याच्या दारावरून तो जातो त्याचा? उत्तर द्यायची घाई करू नका. मी केली होती, आणि फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदाराने मला ते उत्तर खोडून पुन्हा लिहायला लावलं.

हवालदारबापू तिसगाव ते शेवगाव काळी-पिवळी जीप चालवायचे आणि हॉर्न कधीही वाजवायचे नाहीत. हॉर्न बिघडलेला नव्हता. वस्तीवरून कोणाला घ्यायचं असलं की बाकीचे ड्रायव्हर लांबूनच ठणाणा करत. बापू मात्र अंगणाच्या पन्नास पावलं अलीकडे जीप उभी करत, इंजिन बंद करत, खाली उतरत आणि कुंपणापाशी जाऊन विचारत, "हाय का कुनी घरात?" आतून "या" आलं तरच पुढे पाऊल. तोवर मागे कोंबलेले आम्ही पंधरा जण उकडून निघायचो.

"बापू, आमचं कॉलेज सुटायची येळ झाली, आन आपून आजून जायाचंच हाय!" एखादी मुलगी ओरडायची.

"रस्ता सरकारचा आसंल पोरी," बापू किल्ली फिरवत म्हणायचे, "पन कडंला मानसं ऱ्हात्यात."

मी त्या जीपमध्ये तीन वर्षं बसले. माझे आई-वडील ऊसतोड मजुरांसाठी पत्रकं काढत. घरात भिंतीला टेकून गठ्ठे असत आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरूनच. सोळाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहू लागले. त्यामुळे माझ्या पिशवीत नेहमी कोणाचा ना कोणाचा धिक्कार असे. बापूंनी माझं नाव पत्रकबाई ठेवलं होतं.

"काय पत्रकबाई, आज कुनाचा निषेध?"

"तुमचा. रोज उशीर करता म्हणून."

"मंग मोठ्या अक्षरात छाप. चष्मा घरी ऱ्हायलाय."

लग्नसराईत बापूंना वेगळंच काम असे. आमच्याकडे लग्न म्हटलं की रुसवा आलाच. कोणाला फेटा बांधायचा राहतो, कोणाचं नाव पत्रिकेत खाली जातं, आणि नवरदेवाचा मामा मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन बसतो. सगळे त्याला हात धरून ओढतात, कारण विचारतात, समजुती घालतात. तो आणखी ताठतो. मग कोणीतरी म्हणे, हवालदारबापूंना बोलवा. बापू येत, मामाच्या शेजारी खाली बसत आणि लग्नाचं चकार बोलत नसत. पाऊसपाणी, कपाशीवरची कीड, मामाच्या गावची शाळा. अर्ध्या तासाने मामाच उठून म्हणे, "चला, मुहूर्त टळंल."

मी एकदा त्यांना याचं गुपित विचारलं.

"रुसलेल्याला कारन इचारायचं नसतं," बापू म्हणाले. "कारन त्याला सांगायचंच आसतं. आपून फकस्त बसायचं."

काकू, म्हणजे बापूंची बायको, आतून म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याचे रुसवे काढले ह्यांनी. माझा येक न्हाई काढला चाळीस वर्सांत!"

"तू कवा रुसली? तू निस्ती भांडती," बापू म्हणाले, आणि काकूंनी आतून भांडं आपटून आपलं उत्तर दिलं.

बापू "मिशन"ला जाऊन आले आहेत, हे गावाला माहीत होतं. मिशन म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून परक्या मुलखात दोन भांडणाऱ्या फौजांच्या मधे उभं राहणं. तिथे त्यांनी भर लढाईतून एका राजदूतबाईंना गाडीने सुखरूप नेलं होतं, एवढंही सगळ्यांना ठाऊक होतं. ते कसं नेलं, हे कोणी नीट विचारलं नव्हतं. मीही नाही. म्हणूनच त्या वर्षी पंधरा ऑगस्टला बापूंचा सत्कार करायचं गावाने ठरवलं आणि पत्रक माझ्याकडे आलं, तेव्हा मला अडचण अशी वाटलीच नाही. मी एका बैठकीत लिहून काढलं. "शत्रूच्या गराड्यातून, तोफांच्या तोंडातून, गोळ्यांच्या वर्षावातून..." छान तापलेलं पत्रक झालं होतं. छापायला देण्याआधी ते घेऊन मी बापूंकडे गेले.

बापू जीपचं बॉनेट उघडून ऑइल बघत होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि कागदावर कुठे कुठे बारीक टिंबं दिली.

"सात टायमाला शत्रू लिवलंय," ते म्हणाले. "आन म्हातारा कुठं हाय ह्यात?"

"कोण म्हातारा?"

बापूंनी बॉनेट लावलं. "बस खाली. पत्रक मागनं लिव."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

समेट घडवायला आलेल्या राजदूतबाई पासष्टीच्या होत्या, केस पांढरे, एक गुडघा दुखरा. त्यांना एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये पोहोचायचं होतं. तिथे दोन्ही फौजांचे म्होरके समोरासमोर बसायला प्रथमच तयार झाले होते, पण अट घालून: सूर्य मावळेपर्यंत बाई आल्या तर बोलू, नाहीतर बंदुका पुन्हा सुरू. ढग एवढे खाली आले होते की हेलिकॉप्टर उडेना. उरला मातीचा रस्ता. गाडीत स्टिअरिंगवर बापू, शेजारी मेजरसाहेब, मागे बाई आणि दुभाषी म्हणून तुकडीबरोबर राहून हिंदी शिकलेले तिथलेच एक शाळामास्तर. दोन्ही फौजांच्या सहीशिक्क्याचे परवाने खिशात होते. एका बाजूच्या चौक्या पार झाल्या, दुसऱ्या बाजूच्या अजून लांब होत्या. मधल्या पट्ट्यात, जिथे कोणाचंच राज्य नव्हतं, तिथे रस्त्याला आडवी एक दोरी बांधलेली दिसली. गुरांच्या दाव्याएवढी. मधोमध लाल चिंधी.

बापूंनी दोरीच्या दोनशे पावलं अलीकडे गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"मेजरसाहेब तापले," बापू मला सांगत होते. "म्हनले, हवालदार, दोरीच तर आहे, घाल गाडी. मी म्हनलं, साहेब, आडवायचं आसतं तर त्यांनी झाड पाडलं आसतं. दोरी बांधली म्हंजी त्यांना काय तरी बोलायचं हाय. साहेब म्हनले, परवाने दोन्ही बाजूंचे आहेत. मी म्हनलं, त्येच तर! दोन्ही व्याह्यांनी पत्रिका वाटल्या, आन मामाला कुनी बोलावलंच न्हाई. ह्यो मामा हाय साहेब, रुसून बसलाय."

मेजरसाहेब शहरात वाढलेले होते, त्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी घड्याळ दाखवलं. अकरा वाजले होते. मागून बाईंनी मास्तरांना विचारलं की ड्रायव्हर काय म्हणतोय. मास्तरांनी काय सांगितलं देव जाणे, पण बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग मामाकडे जाऊ या.

दोरीपलीकडे झाडाखाली एक म्हातारा बसला होता, आजूबाजूला त्याचे लोक आणि त्यांची गुरं. लांब शिंगांची, राखी रंगाची. चौघांकडे बंदुका. बापूंनी आपली बंदूक गाडीत ठेवली, टोपी काढली आणि लांब उभे राहिले. कोणी "या" म्हणेना. दिवस चढत गेला. अखेर म्हाताऱ्याने हाताने 'या' अशी खूण केली.

बापू जाऊन खाली बसले, मागोमाग बाई, मास्तर आणि मेजरसाहेब आले. बाईंच्या गुडघ्याची काळजी म्हणून त्यांनी जॅकखालचा लाकडी ठोकळा आणला होता. बाईंनी आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, तो मातीत बसला होता. त्यांनी ठोकळा बाजूला सारला आणि दात आवळून मातीतच बसल्या.

"तिथंच मी बाईला मानलं," बापू म्हणाले.

मेजरसाहेब उभ्या उभ्या घड्याळ बघत होते. बापूंच्या शेजारी एक गोऱ्हा येऊन हुंगायला लागला. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडचा माणूस अशा वेळी काय करील? बाजारात जनावर समोर आलं की दातांवरून वय ओळखायला हात आपोआप तोंडाकडे जातो. बापूंनी गोऱ्ह्याच्या नाकात बोटं घातली, ओठ उलटा केला आणि दात बघितले.

चार बंदुका वर झाल्या.

"मास्तरांनी मागनं माजी कॉलर धरली," बापू खो खो हसत सांगत होते. "म्हनले, अहो, परक्यानं जनावराच्या तोंडाला हात लावला म्हंजी तो हिसकून न्यायाला आला आसं समजत्यात हितं! मी मेलोच हुतो पत्रकबाई. शत्रूनं न्हवं, तिसगावच्या बाजारानं मारलं आसतं मला."

"मग काय केलंत?"

"काय करनार? हात सोडला आन चार बोटं दावली. चारदाती हाय म्हनलं."

म्हाताऱ्याने बोटांकडे पाहिलं. मान हलवली. सहा बोटं वर केली. बापूंनी पुन्हा चार दाखवली. म्हातारा उठला, बंदुकांना खाली करायची खूण करत आला, गोऱ्ह्याचं तोंड स्वतः उघडलं आणि बापूंचं डोकं धरून आत वाकवलं. चार दात पुरते आले होते, पाचव्याचं टोक नुकतंच हिरडीतून दिसत होतं. दोघांचंही थोडं थोडं चुकलं होतं. म्हातारा तोंडात एकही दात नसलेलं हसू हसला. मग वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातून दूध आलं. बाई प्यायल्या, बापू प्यायले, मास्तर प्यायले. मेजरसाहेबांनाही बसावं लागलं.

त्यानंतर म्हाताऱ्याने आपणहून कारण सांगितलं. काही दिवसांपूर्वी अशीच एक पांढरी गाडी इथून भरधाव गेली, तिने त्याची गाभण गाय उडवली आणि थांबलीही नाही. गाडी कोणाची होती, असं त्याने विचारलं.

"आमचीच हुती," बापू म्हणाले. मेजरसाहेबांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. ती गाडी बापूंच्या तुकडीची नव्हतीच. पण मास्तरांनी तोवर भाषांतर केलं होतं.

"असं का सांगितलंत?" मी विचारलं. मला ते अन्यायाचं वाटलं, दुसऱ्याचा गुन्हा आपल्या डोक्यावर घेणं.

"रंग येकच हुता ना गाडीचा. त्यानं काय नंबर वाचायचा?"

म्हाताऱ्याने काठीने रस्त्याकडे दाखवलं. दोरीच्या पुढे हाकेच्या अंतरावर वळण होतं, आणि वळणाच्या पलीकडे आदल्या दिवशी कोणीतरी सुरुंग पुरले होते. कोणी, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यावर पाय पडून त्याची एक शेळी मेली होती. दोरी त्यासाठी बांधली होती. जो थांबेल, उतरेल, विचारेल, त्याला सांगायचं. जो तोडून जाईल, त्याचं तो बघून घेईल.

हे ऐकल्यावर मेजरसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ घातली नाही.

म्हाताऱ्याने वाट दिली ती रस्त्याची नव्हे, गुरांची. त्याने आपला कळप पुढे घातला. गुरं रोज जातात तिथे सुरुंग नसतो. जवळजवळ तासभर राजदूतबाईंची गाडी गुरांच्या मागे, गुरांच्या चालीने, शेण तुडवत चालली. डोंगरावरून दोन्हीकडच्या दुर्बिणी बघत असणार. गोळी सुटली नाही. गुरांवर गोळी झाडून त्या गुराख्यांशी वैर घ्यायला दोन्ही फौजा तयार नव्हत्या.

निघण्यापूर्वी म्हाताऱ्याने एक मागणं केलं होतं. तिथे जवळच एक पाणवठा होता. दोन्ही फौजांच्या मोर्च्यांच्या मधे आल्यामुळे गुरांना तिथे जाता येईना, जनावरं तहानेने मरत होती. तुम्ही तिकडे मोठे लोक बसाल, तेव्हा आमच्या पाण्याचं बोला. बाई म्हणाल्या, प्रयत्न करीन. म्हाताऱ्याने मान हलवली आणि बापूंकडे बोट केलं. मास्तरांनी सांगितलं, तो म्हणतोय, ह्याने शब्द द्यावा, ह्याला जनावर कळतं.

बापूंनी गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाई बोलतील. आन काय झालं ते मी सोता यिऊन सांगीन."

सूर्य मावळायला तासभर असताना गाडी जिनिंगच्या फाटकात शिरली. बोलणी झाली, बंदुका थांबल्या. पण ढग उघडले आणि बाई हेलिकॉप्टरने परतल्या. बापूंच्या तुकडीला दुसरीकडे हलवलं, आणि पुढे मायदेशी परत धाडलं. त्या दोरीपाशी बापू पुन्हा कधी गेले नाहीत. बंद दाराआड काय बोलणं झालं, पाण्याचा विषय निघाला की नाही, ते बाहेर उभ्या ड्रायव्हरला कोण सांगणार? त्यांनी साहेबांकरवी बाईंना दोन पत्रं धाडली. एकाचंही उत्तर आलं नाही.

"शबूद पुरा झाला का न्हाई ठाव न्हाई," बापू म्हणाले, "आन तुमी मला नारळ देनार? न्हाई घ्यायचा मी."

त्यांनी घेतला नाही. पंधरा ऑगस्टला गावाने झेंडावंदन केलं, बापूंनी सलाम ठोकला आणि जीप काढून शेवगावला निघून गेले. माझं पत्रक छापलं गेलं नाही. आयुष्यात प्रथमच माझं लिहिलेलं परत आलं होतं, आणि मला त्याची लाज वाटत होती ती परत आल्याची नव्हे, लिहिल्याची. ज्यांनी वाट दिली त्यांनाच मी शत्रू म्हटलं होतं, तेही सात वेळा. आपण बसल्या जागेवरून किती सहज शत्रू तयार करतो! मोबाईलवर बोट फिरवलं की झाला. बापूंना तो प्रत्यक्ष रणात शोधूनही सापडला नव्हता.

मग मी पत्रकं बाजूला ठेवून शोधायला बसले. त्या कराराचा मजकूर कुठेतरी असणार, असं मी धरून चालले. कॉलेजच्या ग्रंथालयात विचारलं, पुण्याला शिकायला गेल्यावर तिथे विचारलं, परदेशी प्राध्यापकांना पत्रं धाडली. अनेकांनी उत्तर दिलं नाही, काहींनी भलताच करार पाठवला. बापू सुट्टीत भेटले की विचारत नसत, नुसते माझ्याकडे बघत. अखेर एका प्राध्यापकबाईंनी मूळ कागदांच्या प्रती पाठवल्या. मुख्य करारात पाण्याचा शब्दही नव्हता. मग मागची जोडपत्रं वाचली. शेवटून दुसऱ्या जोडपत्रात ते होतं.

मी त्याच दिवशी तिसगावला आले. तोवर बापूंच्या फुप्फुसाने दगा दिला होता, जीप विकून झाली होती, आणि बापू ओसरीवर खाटेला टेकून बसलेले असत. मी इंग्रजी बाजूला ठेवून सरळ मराठीत वाचलं: दोन्ही मोर्च्यांमधला पाणवठा गुरांसाठी आणि गुराख्यांसाठी दिवसभर खुला राहील, कोणत्याही बाजूचा हत्यारबंद माणूस त्याच्या जवळपास थांबणार नाही.

"गुरं लिवलंय?" बापूंनी विचारलं. "नीट बघ. गुरं?"

"गुरं लिहिलंय, बापू. गुराख्यांच्याही आधी."

त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. काकूंना हाक मारून चौथ्यांदा.

"बाई खरी निगाली," ते म्हणाले. मग धाप ओसरेपर्यंत थांबले. "आता सांगायचं ऱ्हायलं. म्हाताऱ्याला वाटत आसंल, गुरासंगती आपून लबाडाला पन वाट दिली."

"त्याला पाणी मिळालं असेल ना, बापू. कळलंच असेल."

"पानी कुनामुळं मिळालं त्ये कसं कळंल? मी यिऊन सांगीन म्हनलं हुतं. पानी गुरांनी प्यालं, शबूद म्हाताऱ्याला दिलाय."

त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि त्या रस्त्याचा नकाशा काढला. कुठली चौकी, कुठलं वळण, कुठलं झाड, कुठला पाणवठा. ड्रायव्हरचा नकाशा होता, एकही खूण चुकीची नसणार. त्यानंतर दोन महिन्यांनी बापू गेले. गावातल्या प्रत्येक वस्तीवरून माणूस आला होता. ते कसे आले, कोणी आणले, हे मला आठवत नाही. बोलावणं मात्र कोणालाच करावं लागलं नव्हतं.

त्या देशाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथे अजूनही धुसफूस आहे, आणि त्या गुराख्यांनी कधीकाळी कोणाला वाट दिली हे छापलं गेलं तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं. पण नकाशा माझ्याजवळ आहे. आपल्या जिल्ह्यातली माणसं आजही निळी टोपी घालून तिकडे जातात. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, भाऊ, नवरा किंवा मुलगी अशा मिशनवर निघाली असेल, तर निघण्याआधी मला गाठा. मुलूख तोच असेल तर नकाशाची प्रत मी देईन. तिथे गेल्यावर त्या झाडाखालच्या लोकांना शोधायला सांगा. म्हातारा नसेल, तर त्याचा मुलगा असेल, नातू असेल. आधी त्यांच्याजवळ बसायचं. आणि मग सांगायचं: पाण्याचं बोलणं बाईंनी त्या दिवशी केलं होतं. ड्रायव्हरला यायचं होतं, येता आलं नाही. त्याने आम्हाला पाठवलं आहे.